सबनीसकाकांचे काउबॉय बूट

इंग्लंडमधल्या आमच्या स्लाऊ गावात, दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये बूटपॉलिशचा वास आला, आणि समोर शेल्फवर सबनीसकाकांचे काउबॉय बूट दिसले. काका गेल्या महिन्यात गेले.

आठवडाभर वेअरहाऊसमध्ये राबणारा हा माणूस शनिवारी पबमध्ये हॅट घालून अमेरिकन कंट्री गाणी म्हणायचा. त्यांना ऐकायला गोरे लोक पार रेडिंगहून यायचे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी इथल्या मराठी मंडळाची नवी सेक्रेटरी झाले आणि हौसेनं त्यांना गणपतीत गायला बोलावलं.

स्टेजवर मूर्ती होती. “काका, बूट काढा ना,” मी म्हणाले.

“मी खाली उभा राहून गातो की.”

“छे! स्टेजवरच गायचं. बूट काढायला कितीसा वेळ लागतो?”

डावा बूट निघायला वेळ लागला. मोजा पुढून रिकामाच होता. डायबेटिसमुळे पायाची बोटं कापली होती, आणि आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. माइकचा स्टँड घट्ट धरून त्यांनी पूर्ण गाणं म्हटलं. टाळ्या नको तितक्या पडल्या. त्या गाण्यासाठी नव्हत्या, हे त्यांनाही कळलं. नंतर ते कुठेच गायले नाहीत, पबमध्येसुद्धा.

मला मात्र तेव्हा वाटलं, मी बाप्पाचा मान राखला.

आज मी डाव्या बुटात हात घातला. टोकाशी कोंबलेला कापसाचा बोळा अजून तसाच होता.