राजपुत्र कैदेत असताना

मला त्या दिवाळीचा आजही राग येतो, आणि तो जावा असं वाटतही नाही.

अप्पर हट या परदेशी गावातल्या आमच्या फार्मसीत एक म्हातारे गृहस्थ औषधं न्यायला येत. पूर्व युरोपातले. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेलेला, नुसती कुजबुज उरलेली. तरुणपणी ते लायर नावाचं छोटं तंतुवाद्य मांडीवर घेऊन स्लाव लोकांचं एक मध्ययुगीन महाकाव्य गात. काउंटरमागे मी गुणगुणत होते ते त्यांनी ऐकलं आणि मला शिष्याच करून टाकलं. दर रविवारी ते शब्द कुजबुजत, मी गात असे. त्यांचा नियम एकच: राजपुत्र शत्रूच्या कैदेत असताना थांबायचं नाही. तो घरी पोचेपर्यंत गाणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानं पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. "मध्येच थांबलीस, तर तो तिथेच राहतो," ते म्हणत.

एकदा तरी लोकांमध्ये बसून ते सगळं ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढची दिवाळी त्यांना दिसणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून २०१६ साली मी आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत त्यांचं लायर मांडीवर घेऊन गायले. मंडळानं अर्धा तास कबूल केला होता. त्यातला बराचसा आधीच्या फॅशन शोनं खाल्ला.

लढाई हरली, राजपुत्राला बेड्या पडल्या, आणि निवेदिका पुढे आली. "काकू, सॉरी हं, केटरर वेट करतोय. फारच युनिक होतं, हीप्स ऑफ थँक्स."

माझा माइक बंद झाला. टाळ्या पडल्या, खुर्च्या सरकल्या. एखादं भावगीत म्हणायचं होतंत, असंही एकीनं जाता जाता सुचवलं. आपल्याच माणसांची इतकी चीड मला कधी आली नव्हती. परदेशात संस्कृती जपतो म्हणून छाती फुगवायची, आणि दुसऱ्याची संस्कृती समोर आली की यांच्या पुऱ्या गार होतात!

म्हातारे पहिल्या रांगेतून हलले नव्हते. कुणीतरी अगत्यानं त्यांना श्रीखंडाची वाटी दिली होती, घशाखाली उतरेल असं तेवढंच होतं. ती त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिली होती.

मी खाली उतरून त्यांच्यासमोर बसले आणि माइकशिवाय पुढे गायले. सेक्रेटरी येऊन खुणा करून गेले. मी बघितलं नाही. ताटं घेतलेली माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. राजपुत्र निसटला, नदी ओलांडली, आणि अखेर आपल्या गावच्या वेशीत शिरला. मी तारांवर हात ठेवला.

मग म्हाताऱ्यांनी वाटी उचलली आणि ते श्रीखंड खाऊ लागले.