व्यंकटी नुसता रस्ता बघायला गेला

आमच्या लोह्याकडच्या व्यंकटीची पिकअप कंपनीतून आली तशीच आहे. त्यानं फक्त मागं ‘आईचा आशीर्वाद’ लिहून घेतलं आणि पुढं लिंबू-मिरची बांधली. एवढ्यावर गाडी डोंगर चढते, असं त्याचं मत. आम्ही वाद घालत नाही. आमचं सोयाबीन अडतीवर त्याच्याच गाडीतून जातं.

मागच्या नागपंचमीला मात्र त्याची फजिती झाली. बहीण सिंधू डोंगरापलीकडं दिलेली. रस्त्यावरचा पूल वाहून गेला आणि मुराळी म्हणून तिला आणायला हा पोचलाच नाही. असा भाऊ आमच्याकडं जन्मभर बोलणी खातो. सिंधूनं एक शब्दही ऐकवला नाही, आणि तेच याला जास्त लागलं. यंदाही पूल अर्धाच. म्हणून पंचमीच्या आठवडाभर आधी व्यंकटी डोंगरातली जुनी गाडीवाट बघायला निघाला. नुसती बघायची, म्हणून गाडी रिकामीच.

बघणं तरी कसलं! दर वळणावर उतरायचं, काठीनं डबक्याची खोली बघायची, चाक जिथून न्यायचं त्या दगडाला तंबाखूच्या डबीतला चुना लावायचा. चुना संपल्यावर तंबाखूही खाता येईना, तेव्हा गडी खरा चिडला. उतार गाडी आपसूक उतरली. सिंधूच्या गावच्या शिवेवर त्यानं ऐटीत गाडी फिरवली आणि परतीच्या चढाला मागची चाकं चिखलात जागच्या जागी फिरू लागली. रिकामी पिकअप मागून हलकी, चिखल धरत नाही, हे जगाला शिकवणारा हाच. रागानं त्यानं हॉर्नवरच हात ठेवला.

मग तो मागं दगड भरू लागला, तेवढ्यात हॉर्न ओळखून सिंधू पिशवी घेऊन धावत आली. तिच्या मागून सासू धुरपताबाई. व्यंकटी गयावया करू लागला, की मी न्यायला आलो नाही, रस्ता बघायला आलोय, तुमच्यासाठी लुगडंसुद्धा आणलेलं नाही. धुरपताबाईंना हे पटेना. मुराळी शिवेवर आला तो आलाच. रिकामा धाडला तर घराला बरं नसतं.

“अन् दगडं कशाला भरून राहिलास? मी हाय की,” म्हणत त्या मागं चढून बसल्या.

बाई अंगानं भरदार. चाकांनी लगेच माती धरली आणि गाडी चुन्याच्या खुणांवरून थेट माथ्यावर गेली. तिथं त्यांना उतरा म्हणायची हिंमत कुणाची? पंचमी होईपर्यंत त्या सुनेच्या माहेरीच राहिल्या, हा भाग वेगळा.

माथ्यावर दम घेताना व्यंकटीच्या डोक्यात आलं, की मी येणार हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

“सिंधे, पिशवी कवा भरलीस गं?”

“मागल्या पंचमीला. सोडलीच न्हाई,” शेजारी बसलेली सिंधू म्हणाली. “चटणी तेवढी बदलून राहिले.”

व्यंकटी खाली उतरून चाकातली हवा बघत बसला. हवा बरोबर होती. त्याला रडू आलं होतं.