फेब्रुवारीत तोडलेली द्राक्षं

बाजारात द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या की अजूनही ते प्रकरण माझ्या डोळ्यांपुढं उभं राहतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेच आता आठवतही नाहीत. हे मात्र पाठ सोडत नाही. यात कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरी पुढं सरकवली होती, आणि मी सही करत असतानाच वेरूळचा एक गाइड आत आला. पर्यटकांना लेणी दाखवणारा हा माणूस अधूनमधून मला खबर देत असे. बसायच्या आधीच त्यानं पिशवीतून वाइनची एक बाटली काढून टेबलावर ठेवली.

"सकाळी सकाळी हे काय आणलंस रे? वर देवाचा फोटो आहे," मी म्हटलं.

"रिकामी हाय साब. काल फ्रान्सचा एक गोरा होता माझ्यासंगं. हॉटेलात ही मागवली, मागचं लेबल वाचलं आन् लई हसला. बायकोला बी वाचून दाखवलं."

मी चष्मा चढवला. पुढच्या बाजूला फ्रान्समधल्या कुठल्याशा गावाचं नाव आणि किल्ल्याचं चित्र. मागं इंग्रजीत बारीक अक्षरात मजकूर होता, की द्राक्षं हातानं तोडलेली आहेत आणि तोडणीचा महिना फेब्रुवारी आहे.

"मग यात हसण्यासारखं काय? द्राक्षं फेब्रुवारीतच तोडतात की."

"वही तो साब. आपल्याकडं तोडतात. त्यांच्याकडं फेब्रुवारीत वेलीवर पान बी नसतं. गोरा सांगत होता, त्यांची तोडणी सप्टेंबरात."

मी लेबल पुन्हा वाचलं. माझी सासुरवाडी द्राक्षबागायतदारांची. ऑक्टोबरात छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चात तोडणी हे माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं, की जगात कुठं याच्या उलट असेल हे कधी डोक्यात आलंच नाही. आणि तिथंच मला धागा सापडला. लेबल लिहिणाऱ्याच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. म्हणजे हा दिल्ली-मुंबईचा भामटा नव्हता. हा आपल्या मातीतला, बागेत राबलेला माणूस होता.

हॉटेलचा मॅनेजर आधी फार ताठ्यात बोलला. वकील बोलावतो म्हणाला, ओळखी सांगितल्या. मी त्याला ठाण्यातल्या बाकावर नुसतं बसवून ठेवलं आणि कुणी काही विचारायचं नाही असं बजावलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणाऱ्याला प्रश्न विचारले की त्याला जोर चढतो, आणि विचारले नाहीत की तो कासावीस होतो. जेवणाची वेळ व्हायच्या आत त्यानं फुलंब्री तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या वायनरीचा पत्ता दिला.

सरकारनं वाइनला उत्तेजन दिलं त्या काळात आपल्याकडं हौसेनं वायनऱ्या निघाल्या, आणि पुढं त्यातल्या कित्येकांना कुलपं लागली. ही त्यांतलीच एक. मालक पुण्याला निघून गेला होता. परवाना संपला होता. मागं राहिला होता तिथला वाइन बनवणारा माणूस. पोरवयात फ्रान्सला जाऊन वर्षभर हे काम शिकून आलेला. गावात त्याला वाइनमास्तर म्हणायचे. वाइनच्या द्राक्षांची एक छोटी बाग आणि ती शेड तो एकटाच सांभाळत होता.

दुपारी आम्ही पाच जण पोचलो. दारात मास्तर उभे. साठी ओलांडलेली, पांढरा बुशशर्ट, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. मी धाडीचा उद्देश सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या साहेब. फक्त बूट बाहेर काढा. आत माल मुरतोय."

माझा हवालदार माझ्याकडं बघायला लागला. तो तीन जिल्हे फिरलेला गडी, पण आरोपीनं बूट काढायला लावलेले त्यानं पाहिले नव्हते. काय झालं कोण जाणे, मी बूट काढले. मग सगळ्यांनाच काढावे लागले, आणि आम्ही मोजे घालून धाड टाकली.

आत टाक्या घासूनपुसून लखलखीत होत्या. भिंतीकडेला बाटल्या आडव्या रचलेल्या, टेबलावर लेबलांचे गठ्ठे. गावातले दोन पंच बोलावले आणि मी पंचनामा सांगायला लागलो. हवालदार लिहीत होता, "बनावट विदेशी वाइनच्या सीलबंद बाटल्या..."

"साहेब, तेवढा एक शब्द बदला," मास्तर मधेच म्हणाले. "वाइन बनावट नाय. लेबल बनावट हाय. लेबल मीच लावलं, गुन्हा माझाच, म्हणाल तिथं सही करतो. पण वाइनला बनावट म्हणू नका."

"मास्तर, आम्ही सगळीकडं असंच लिहितो. तुमच्यासाठी नवीन भाषा कुठून काढू?" मी जरा चिडूनच बोललो. पंचांनी सह्या केल्या, नमुने काढले, बाटल्यांना लाखेचं सील लागलं.

चौकशीत त्यांनी काहीच लपवलं नाही. अशी चौकशी मला आवडत नसे. सगळं कबूल करणाऱ्यापुढं पोलिसाला काही काम उरत नाही.

"पैशासाठी केलंत?" मी विचारलं.

"मला एकट्याला लागतंय किती? साहेब, मी या मॅनेजरकडं आमचीच वाइन घेऊन गेलो होतो. बाटलीवर ठळक लिहिलेलं, फुलंब्री. त्यानं झाकण बी काढलं नाय. म्हणाला, लोकल कोण पिणार? मग त्यानंच तोड काढली. फ्रान्सचं लेबल लाव, सगळी घेतो."

"आणि तुम्ही लावलंत."

"लावलं. लोक पितील तरी, असं वाटलं." मग म्हणाले, "मी जिथं शिकलो ना साहेब, ते गाव आपल्या फुलंब्रीच्या निम्मं बी नाय. बाटलीवर नुसतं त्या गावाचं नाव असतं. लोक दुरून दुरून ते नाव विचारत येतात. मला वाटायचं, आपल्याकडं बी येतील. कुणीतरी वेरूळ बघंल, पैठणला जाऊन पैठणी घेईल, आन् म्हणंल, चला, आता फुलंब्रीची वाइन घेऊ. बास, एवढंच होतं मनात."

जगात आपली वाइन कुठं बसते, असं मी सहज विचारलं. ते हसले. "कुठंच नाय. द्राक्षं पिकवायला आपण लई मोठे. पण ती खायची, नायतर बेदाण्याची. वाइन म्हटलं की फ्रान्स, इटली, स्पेन. आपण पार शेवटच्या बाकावर. आन् शेवटच्या बाकावरच्या पोरानं बरोबर उत्तर दिलं तरी गुरुजी म्हणतात, कुणाचं बघून लिहिलंस?"

हॉटेलात ते दोनदा स्वतः जाऊन बसले होते. शेजारच्या टेबलावरचे लोक पेला फिरवून, वास घेऊन वाहवा करत होते. "ऐकून बरं वाटलं?" मी विचारलं. "पहिल्या दिवशी वाटलं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी घरी येऊन रडलो. वाहवा फ्रान्सची चालली होती."

शेवटी मी त्यांना फेब्रुवारीचं सांगितलं. इतकी नक्कल जमवलीत आणि तिथंच फसलात, असं म्हणालो. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"लिहिताना हात आपसूकच फेब्रुवारीवर गेला. तोडणी म्हटलं की दुसरं काय लिहिणार मी? छापून आल्यावर ध्यानात आलं. मग म्हटलं, राहू दे. लेबलावर तेवढंच एक खरं होतं."

पुढं रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आला. निव्वळ द्राक्षाची वाइन, भेसळ काही नाही. मी तो वाचला आणि दोषारोपपत्राला जोडून दिला.

खटला उभा राहिला तेव्हा माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, "जप्त केलेली वाइन बनावट होती, हे बरोबर आहे?" अहवाल माझ्यासमोर होता. लेबल बनावट होतं, वाइन खरी होती, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. गुन्हा लेबलाचा आणि परवान्याचा होता, तो तसाही शाबीत होत होता. पण साक्षीत पंचनाम्याबाहेर जायचं नाही, आरोपीच्या वकिलाला फट ठेवायची नाही, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. मी म्हणालो, "होय."

मास्तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. वाइन बनवली, लेबल लावलं, धरले गेले, यातलं काहीच त्यांच्या मानेला वाकवू शकलं नव्हतं. माझ्या त्या एका शब्दानं त्यांनी मान खाली घातली.

शिक्षा फार झाली नाही. निकालानंतर व्हरांड्यात गाठ पडली तेव्हा मीच नजर चुकवत होतो. तेच जवळ आले. म्हणाले, "तुमचं बी बरोबर हाय साहेब. कागदात तसंच होतं." शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

कोर्टाच्या आदेशानं मुद्देमाल नष्ट केला तेव्हा मी हजर होतो. पंचांसमोर एकेक बाटली खड्ड्यात रिकामी झाली. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही, पण त्या दिवशी जो वास उठला तो दारूचा नव्हता. पावसाळ्यानंतरच्या बागेचा होता. हवालदारानं हळूच म्हटलं, "साहेब, असं नाय ओतायला पाहिजे होतं." मी त्याला गप्प बस म्हणालो.

आता फुलंब्रीकडं जातो तेव्हा ती बाग दिसत नाही. तिथं प्लॉट पाडलेत. मास्तर गेल्याचं मला त्या गाइडकडूनच कळलं. त्या दुपारकडं परत जावं असं फार वाटतं. पायांत मोजे, समोर लखलखीत टाक्या, हवालदाराचा पेन कागदावर टेकलेला. थांब म्हणावं, एक शब्द खोड म्हणावं. आणि नंतर, नियमाचं काय व्हायचं ते होवो, मास्तरांनी ओतलेला एक घोट घेऊन त्यांना सांगावं कसा लागला ते. बायको म्हणते, म्हातारपणी तुम्हाला हे काय सुचतंय. सुचतंय खरं.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, की माणूस गुन्हेगार असला तरी त्याचं काम खोटं असेलच असं नाही, आणि दोन्ही एकाच शब्दात गुंडाळून मोकळं होणं हा पोलिसाचा आळस असतो. सही झालेला पंचनामा मला आता बदलता येत नाही, आणि निवृत्त माणसाला नवा करायचा अधिकार नाही. तरीही माझी दुरुस्ती इथं लिहून ठेवतो. लेबल बनावट होतं. आतली वाइन अस्सल होती, आणि ती फुलंब्रीची होती.