वार वर सरकेपर्यंत ताय ची

"प्लासेंटा प्रीव्हिया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पडद्यावरच्या करड्या ढगावर त्यांनी बोट ठेवलं. मी आणि माझा नवरा विलास, दोघांनीही अदबीने माना डोलावल्या. जणू कुणा बड्या पाहुण्यांची ओळख करून दिली होती.

प्लासेंटा म्हणजे वार, बाळाला आईच्या रक्तातून अन्न पोचवणारी. तिने गर्भाशयात वरच्या अंगाला बसावं असा संकेत आहे. माझी खाली, थेट दारात बसली होती. ती तिथून हलली नाही, तर पोट कापूनच बाळंतपण. आणि त्याआधी कधीही, काहीही न दुखता, रक्त जाऊ शकतं.

पाचवा महिना होता. वय एकेचाळीस. आधी दोनदा पोटातलं बाळ गेलेलं. हे तिसरं राहावं, एवढीच आमची मागणी होती.

मग नियम आले. वजन उचलायचं नाही. उकिडवं बसायचं नाही. नवऱ्याने लांब झोपायचं. विलास तलासरीच्या शाळेत गणित शिकवतो, पण तेव्हा त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये फारच गोडी वाटू लागली.

"आणि माझं ताय ची?" मी विचारलं.

"ते काय असतं?"

मी टेबलावरून उतरले. पोटाला जेल फासलेलं, पदर खांद्यावर टाकलेला, अशा थाटात सोनोग्राफीच्या खोलीतच मी ढगासारखे हात फिरवून दाखवले. डॉक्टरीणबाईंनी तो प्रयोग शेवटपर्यंत पाहिला, हे त्यांचं मोठेपण.

"हात ठेवा," त्या म्हणाल्या. "दोन्ही पाय जमिनीवर. एका पायावर उभं राहणं बंद, खोल वाकणं बंद. थेंबभर जरी रक्त दिसलं तर सगळंच बंद. आणि मला फोन करत बसू नका, निघा."

हे ताय ची मला शिरीनबाईंनी लावलं. कैनाडला आमच्या चिकूच्या वाडीला लागून त्यांची वाडी. इराणी बाई, सत्तरीच्या, एकट्या. दुसरं बाळ गेल्यावर मी घराबाहेर पडेना, तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून अंगणात उभं केलं. चिनी व्यायाम, पण सूचना गुजराती वळणाच्या: "धीमे, दीकरा, धीमे! चिकू पाडायला नाय आली तू." एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन न्यायचं, कंबर वळवायची, हात मागून येतात. एवढंच. त्या एवढ्यानेच मला झोप लागू लागली.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, हे कधी पटलं नाही. त्या ओटीवरून बघत. "हवेतली जळमटं काढतेस काय गो?"

निदान झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने आपापला उपाय काढला. आईंनी महालक्ष्मीला नारळ बोलला. विलास जीप फाटकाकडे तोंड करून लावू लागला आणि हायवेवरच्या चारोटीपर्यंतचे गतिरोधक त्याने पाठ केले. मी खुर्चीची पाठ धरून, पाय न उचलता, वजन डावीकडून उजवीकडे नेत राहिले. पोट वाढलं की बाईचा तोल पुढे जातो. रोज तो नव्याने शोधावा लागतो. माझा वाट बघण्याचा वेळ त्यातच जाई.

सातव्या महिन्यात, सकाळी भाकरी खाऊन उठले, तर खुर्चीवर रक्त दिसलं.

दुखत काहीच नव्हतं. विलासने जीप काढली. आई फाटकाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "हात हलवून हलवून सांडलंस सगळं."

चारोटीवरून हायवेला लागलो. मोठ्या हॉस्पिटलात मला आडवं केलं, रक्ताची बाटली तयार ठेवली, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. रक्त आपोआप थांबलं. पण वार तिथेच होती.

मी तिथल्या डॉक्टरांना आईंचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ते हसले नाहीत. "हात हलवून वार हलत नाही," म्हणाले. "पण आता हातही नकोत."

मग मी चादरीखाली फक्त बोटं फिरवली. नर्सने पकडलं. "मॅडम, काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही, हवा चाचपते." तिने चादर घट्ट खोचली. त्यानंतर मी सगळं डोळे मिटून, मनात केलं. त्यात कुणालाच काही खोचता आलं नाही.

घरी आल्यावरही तसंच पडून. पुढच्या सोनोग्राफीला आई सोबत आल्या. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ यंत्र फिरवलं.

"वर सरकली."

"नारळ!" आई म्हणाल्या.

"रस्ता सांभाळून चालवला ना," विलास म्हणाला.

मी नम्रपणे हात ढगासारखे केले.

डॉक्टरीणबाईंनी तिघांकडे पाहिलं. "गर्भाशय वाढतं तशी वार बऱ्याचदा आपोआप वर जाते. तुमच्यापैकी कुणीही काहीही केलेलं नाही." परतीच्या वाटेवर तिघेही जरा नाराजच होतो.

ज्यांच्या रिपोर्टवर प्लासेंटा प्रीव्हिया हे दोन शब्द आले आहेत, त्यांना हेच सांगते. ताय चीने वार सरकत नाही. डॉक्टरांनी बंद म्हटलं की बंद. पण वाट बघणं हे अंगमेहनतीचं काम आहे, आणि त्या कामात मला ताय चीचा उपयोग झाला. कळा आल्यावरही झाला. खाटेचा कठडा धरून मी वजन डावीकडून उजवीकडे नेत होते. मुलगी झाली. पोट कापावं लागलं नाही, खाली चार टाके तेवढे पडले.

सव्वा महिना मी खोलीत, शेगडीच्या शेकात. टाके भरले, डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं, तेव्हा पुन्हा अंगणात उभी राहिले. पोटात आता कुणी नव्हतं, तर तोल पुन्हा हरवलेला.

मुलगी संध्याकाळी रडायची. एकदा रडणं अचानक थांबलं म्हणून मी दारात आले. आई ओटीवर होत्या, नात खांद्यावर. वजन डाव्या पायावर, कंबर हळूच वळली, मग उजव्या. पाऊल टेकायचं आधी, भार नंतर. एकही चूक नाही.

कुंपणापलीकडून शिरीनबाई ओरडल्या, "वाह, बाई! धीमे, धीमे!"

"मी कशाला करू ते तुमचं?" आई फणकारल्या. "पोरीला निजवते."

मी जवळ जाऊन बघितलं. पोर कधीच निजली होती. आईंना मी ते सांगितलं नाही.