शीड दिसलं होतं

सुदामनाना ट्रॅक्टरवर बसण्याआधी त्याला पूर्ण फेरी घालायचे. चाकांपाशी वाकून बघायचे, पुढं दहा पावलं चालून जायचे, परत यायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. तळेगाव ढमढेऱ्याच्या त्यांच्या रानात शेवंतीच्या ओळींशिवाय काही नसलं तरी हे चुकायचं नाही. तोडणीला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही एकदा हसलो. नाना म्हणाले, "भाऊसाहेब, आपल्याला कोन दिसत न्हाई म्हंजी तिथं कोन न्हाई, असं कुठं हाय?"

मी शिरूरला तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बसतो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जबाब लिहून देतो. नाना पहिल्यांदा आले ते शेताच्या बांधाच्या तक्रारीसाठी. मी सवयीनं लिहिलं, 'अर्जदारास असे वाटते की...' त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "वाटतंय का दिसलंय?"

"तुम्हीच सांगा."

"दिसलंय. मंग दिसलंय म्हना की."

वीस वर्षं ते मालवाहू जहाजावर नोकरीला होते. शेवटची काही वर्षं सुकाणूवर. जहाज डिझेलचं असलं तरी गावाच्या तोंडी आगबोटच, म्हणून ते 'आगबोटवाले नाना'. समुद्राच्या गोष्टी ऐकायच्या म्हणून लोक त्यांना पारावर बसवायचे, पण नाना कांद्याच्या भावावर बोलून उठायचे. समुद्राबद्दल त्यांच्याकडून काही काढणं अवघड होतं.

एका बाजारच्या दिवशी त्यांच्या सख्ख्या पुतण्यानं जीप मागं घेताना भाजी विकत बसलेल्या एका बाईचा पाय चिरडला. शंभर माणसं भोवती होती. पोलीस आले तेव्हा कुणालाच काही दिसलेलं नव्हतं. बाईच रस्त्यात बसली होती, असं ठरत आलं होतं. नाना स्वतःहून चौकीत गेले आणि म्हणाले, "ती कडंला बसली हुती. ह्यो मागं न बगता आला. म्या बगितलंय." त्या दिवसापासून भावाचं घर तुटलं. नानांच्या मुलीच्या लग्नात सख्ख्या चुलत्याची जागा मोकळी राहिली.

मी विचारलं, "नाना, घरचाच होता. गप्प बसला असता तर?"

"एकदा बसलोय गप," ते म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवून उठून गेले.

पुढच्याच महिन्यात, भर दुपारी, ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. म्हणाले, "प्रतिज्ञापत्र करायचंय. माझ्याच जबाबाच्या विरुद." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

गुजरातच्या किनाऱ्यावरचं एक बंदर. सकाळची वेळ, पाण्यावर विरळ धुकं. नानांची आगबोट माल उतरवून बाहेर निघाली होती. समोरून एक गलबत बंदरात येत होतं. त्याचं इंजिन बंद पडलं होतं, म्हणून त्यांनी जुनं शीड चढवलेलं. वारा जवळजवळ नव्हता. नानांना आधी धुक्यात शिडाचं टोक दिसलं, मग सगळं शीड. ते म्हणाले, "साब, सामने पाल है." पाल म्हणजे शीड. कप्तान फोनवर होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "देख लेगा वो. सीधा रख." नानांनी पुन्हा सांगितलं. कप्तान ओरडला, "सीधा!"

"आन् म्या सरळ ठिवलं, भाऊसाहेब. चाक माझ्याच हातात हुतं. गलबताला वाराच न्हाई, त्यो हटनार कसा? त्यांची मान्सं हात हालवत हुती. मला त्यांची तोंडं दिसत हुती."

आगबोटीच्या नाकाडानं गलबत मधोमध फोडलं. जहाजावर धक्का असा जाणवलाच नाही, नुसता लाकूड मोडल्याचा आवाज आला. चार माणसं बुडाली. त्यांत गलबताच्या तांडेलाचा, म्हणजे प्रमुखाचा, धाकटा भाऊ होता. तांडेल जुसबभाई एका फळीला धरून वाचला.

चौकशीच्या आदल्या दिवशी कंपनीच्या वकिलानं सगळ्यांना एका खोलीत बसवलं. जबाब टाईप होऊन तयार होते. 'गलबत अचानक उजवीकडे वळून जहाजासमोर आले.' नानांनी सही केली. चौकशीत तेच तोंडानंही सांगितलं. समोर जुसबभाई बसला होता. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "भाई, तूने मुझे देखा था ना? मैं मुड़ा था क्या?" नाना खाली बघून म्हणाले, "हाँ. मुड़ा था." दोष तांडेलावर आला. त्याचा परवाना गेला. नाना आणखी दोन वर्षं त्याच जहाजावर राहिले आणि मग कायमचे गावी आले.

मी लिहायला घेतलं. माझ्या टेबलावर रोज सत्यप्रतिज्ञेवर खोटं लिहिलं जातं आणि माझा हात कधी अडखळत नाही. त्या दिवशी अडखळला. मी लिहिलं, 'माझ्याकडून अनवधानाने चुकीचा जबाब दिला गेला.' नानांनी वाचायला सांगितलं आणि 'अनवधानाने' खोडायला लावलं. "जानून, असं लिवा."

कागद नोंदणीकृत टपालानं बंदराच्या कार्यालयाला गेला. चार महिन्यांनी उत्तर आलं, प्रकरण बंद झालेले आहे. नानांनी पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच उत्तर, तेच वाक्य, सही मात्र दुसऱ्याची. नानांच्या बायको, मालनवहिनी, माझ्यावर चिडल्या. "तुमीच नादी लावताय त्यान्ला. मेलेली मान्सं उठून येनार हाईत व्हय?" त्यांचं काही चूक नव्हतं. पण नानांनी कुणाकुणाला फोन करून जुसबभाईचं गाव शोधून काढलं होतं.

आम्ही शिरूरहून एसटीनं दौंडला गेलो आणि तिथून गाडी धरली. सगळ्या प्रवासात नाना एकच वाक्य हिंदीत घोळवत होते, "चाचा, आप नहीं मुड़े थे." दर वेळी माझ्याकडं बघून विचारायचे, "बराबर हाय ना?"

जुसबभाई घरासमोर बाजेवर बसला होता. पार थकला होता. त्यानं नानांना ओळखलं नाही. नानांनी त्याच्या पायांवर हात ठेवून सगळं सांगितलं. कप्तानाचा फोन, तयार जबाब, आपली सही, सगळं. "चाचा, आप सीधे आ रहे थे. मैंने अपनी आँख से देखा था."

म्हातारा शांतपणे म्हणाला, "नहीं भाई. मैं मुड़ा था."

"नहीं चाचा!"

"सब ने कहा. तूने कहा. पहले मैं झगड़ता था. फिर रोज़ याद कर-कर के मुझे अपना हाथ घूमता दिखने लगा. आज भी दिखता है. भाई को मैंने ही मारा." त्यानं नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू इतनी दूर से बूढ़े को तसल्ली देने आया. अल्लाह तेरा भला करे."

नानांनी प्रतिज्ञापत्र पुढं केलं. मी त्याचं हिंदी करून वाचलं. म्हातारा मान डोलावत राहिला. लहान मुलाचं बोलणं ऐकताना माणसं डोलावतात, तशी. त्याच्या सुनेनं आम्हाला जेवायला घातलं. नानांनी ताट तसंच बाजूला सारलं.

परतताना दौंड स्टेशनच्या बाकावर नाना म्हणाले, "लायसन गेलं, भाऊ गेला, ते मला ठावं हुतं. त्याच्या डोळ्याम्होरचं बी म्या काढून घेतलं, हे ठावं न्हवतं." मी काहीतरी समजुतीचं बोललो. काय बोललो ते आठवत नाही, म्हणजे ते बोलण्यासारखं नसणार. शिरूरची एसटी लागली तेव्हा मी त्यांचा हात धरून उठवलं. एवढा धिप्पाड माणूस, पण उठवावं लागलं.

त्यानंतर नाना कचेरीकडं फिरकले नाहीत. तिसरा अर्ज त्यांनी केला नाही. पुढच्या हंगामात शेवंतीच्या तोडणीत छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले. भावाच्या घरचं दार मयतीलाही उघडलं नाही. पारावर मी ऐकलं, माणूस चांगला होता, पण पुतण्याशी वाईट वागला.

तेराव्यानंतर मी जुसबभाईच्या सुनेच्या नंबरवर फोन लावला. म्हाताऱ्याला कळवलं. तो हळहळला. म्हणाला, "नेक आदमी था. मेरे लिए झूठ तक बोला."

मी म्हणालो, "चाचा, वो झूठ नहीं बोल रहा था. कसम से कहता हूँ, आप नहीं मुड़े थे."

म्हातारा मायेनं म्हणाला, "आप भी नेक आदमी हो." आणि फोन ठेवला.