न निवडलेले जव

आमच्या घरी कधीच कुत्रा नव्हता, पण कुत्र्याच्या खाण्याचे चार मोठे डबे होते. प्रत्येक डब्यावर जीभ बाहेर काढून हसणारा एक कुत्रा. झाकण फिरवून घट्ट बसवलं की आत हवा जात नाही, म्हणून घरी बिअर बनवणाऱ्या मंडळींत हे डबे फार मानाचे. माझा नवरा त्या मंडळींपैकी. आठवडाभर इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या ऑफिसात दुसऱ्यांनी बिघडवलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं आणि शनिवारी बॉथेलच्या आमच्या गॅरेजमध्ये भल्यामोठ्या पातेल्यावर वाकून थर्मामीटर बघायचा, असा त्याचा क्रम.

बिअरला लागतं माल्ट. म्हणजे भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवलेले जव. दिसायला साध्या जवासारखेच, चावले तर किंचित गोड. नवरा आणि त्याचे मित्र मिळून ते पोत्यांनी मागवत. मित्र म्हणजे पुण्या-नागपूरकडचे तीन-चार जण आणि ऑफिसातला एक दाढीवाला अमेरिकन, ज्याला बाकीचे गुरुस्थानी मानत. महिन्यातून एकदा ते आमच्या गॅरेजमध्ये जमायचे, छोट्या ग्लासात नाक घालायचे आणि डोळे मिटायचे. "शेवटी थोडं लेदर येतंय," एकजण म्हणायचा. बाकीचे गंभीरपणे माना डोलवायचे. यांच्यापैकी चामडं कोणी कधी चाखलं आहे, हे विचारायचा उद्धटपणा मी एकदाच केला. "वहिनी, यू आर नॉट द टार्गेट ऑडियन्स," असं उत्तर मिळालं.

इथला पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो आणि थांबायचं विसरतो. गॅरेजमध्ये ओल शिरते आणि माल्टला ओल चालत नाही. म्हणून डबे वर, पाहुण्यांच्या खोलीतल्या क्लोजेटमध्ये गेले. "थंड, कोरडं, अंधारं. परफेक्ट," नवरा दार लावत म्हणाला. मला ते वर्णन थडग्याचं वाटलं, पण मी बोलले नाही. त्या दिवसांत मी बरंच काही बोलत नव्हते.

मला दिवस गेले होते. तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळा तिसरा महिना पार पडला नव्हता. या वेळी पाचवा लागला होता, तरी घरात बाळ हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं. नवरा 'ते' म्हणायचा. ते झालं की खोली रंगवू, ते झालं की मोठी गाडी बघू. पाळण्यांच्या दुकानावरून जाताना तो गाडीचा वेग वाढवायचा.

सासूबाई जळगावहून आल्या त्या ठरल्याच्या बऱ्याच आधी. "या वेळी मी पहिल्यापासून लक्ष ठेवणार," एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आल्या, पाहुण्यांच्या खोलीत उतरल्या आणि साड्या ठेवायला क्लोजेट उघडलं.

"अरे, हे एवढं धान्य कसलं?"

"माल्ट आहे आई. जव."

"नुसतं भरून ठेवलंस? काही लावलंयस की नाही त्याला?"

"लावायचं काय त्यात? एअरटाइट आहे."

सासूबाईंनी बाही सावरली, हात कोपरापर्यंत डब्यात घातला आणि मूठ खिडकीपाशी आणून उघडली. तळहातावर जवाचे दाणे होते आणि त्यांवरून एक काळा सोंडा सावकाश चालला होता.

"हा बघ तुझा एअरटाइट," त्या म्हणाल्या.

नवऱ्याचा चेहरा उतरला. पोत्यातूनच आले असणार, सप्लायरला मेल करतो, वगैरे त्याने सुरू केलं. सासूबाईंनी त्याला गप्प केलं. "मी बघते त्याचं. जन्मभर वर्षाचं धान्य भरलंय मी." तो इतका सुटल्यासारखा झाला की त्याने आईला मिठी मारली. "आई, हे आता तुझं डिपार्टमेंट."

एक-दोन दिवस चाळणं, वारवणं, पुन्हा भरणं चाललं. त्यांनी नेमकं काय केलं, हे कोणी विचारलं नाही. माझ्या माहेरीही कोणी विचारत नसे. धान्याला काय लावायचं हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला माहीत असतं आणि बाकीच्यांना पोळी मिळते.

पुढच्या शनिवारी बिअर झाली. जव भरडून गरम पाण्यात तासभर ठेवतात. त्यातलं गोड पाणी काढून घेतलं की खाली भरपूर चोथा उरतो. गुरूच्या शेजाऱ्याकडे कोंबड्या आहेत, त्याचा चोथा तिकडे जायचा. आमचा कचऱ्याच्या हिरव्या डब्यात. नवरा बादली घेऊन निघाला तशा सासूबाई दारात आडव्या आल्या.

"टाकतोस? अन्न आहे ते."

"आई, त्यातलं सगळं पाण्यात उतरलं. आता भुसा राहिलाय."

"भुसा तुझ्या डोक्यात."

त्यांनी चोथा ओव्हनमध्ये वाळवला, मिक्सरमधून काढला, चाळला. त्यात बेसन, कांदा, कोथिंबीर, ओवा घालून थालीपिठं लावली. मला महिनोन्महिने कशाचीच वासना नव्हती. त्या थालीपिठाची झाली. खरपूस, थोडं गोडसर, कडेला कुरकुरीत. मी ताटाची वाटही बघत नसे. तव्याजवळ उभी राहून, मधल्या भोकांतून येणारी वाफ नाकात घेत, पहिलं उतरायची वाट बघायची. डॉक्टर माझं वाढतं वजन बघून खूश झाली.

नवऱ्याने मित्रांना सांगितलं की आमच्या घरात सर्क्युलर इकॉनॉमी चालते.

"ते काय असतं?" सासूबाईंनी विचारलं.

"तू करतेस ते."

"मग थालीपीठ म्हण ना."

तो सगळा हिवाळा असा गेला. बिअर, चोथा, थालीपीठ. वर खोलीत सासूबाई त्या डब्यांशेजारी झोपायच्या, आणि चार कुत्री अंधारात हसत राहायची. मला सातवा लागला. एका रविवारी नवऱ्याने पाळण्यांच्या दुकानासमोर गाडी थांबवली. उतरलो नाही, पण थांबलो. आमच्यासाठी ते बरंच होतं.

नंतरच्या शनिवारी गॅरेजमधून धातू घासल्याचा आवाज आला. जव भरडायचं नवऱ्याचं यंत्र साधं आहे. पोलादाचे दोन रूळ, वर पत्र्याचं नरसाळं, आणि रूळ फिरवायला ड्रिल. डब्यातून भांडं भरायचं, नरसाळ्यात ओतायचं, ड्रिल सुरू करायचं. रूळ अडकले होते. त्याने उलटे फिरवले, खरडले, नरसाळ्यात हात घालून चाचपलं. मग तो स्वयंपाकघरात आला. तळहातावर एक राखाडी, चपटी चकती होती. शर्टाच्या बटणाएवढी, अर्धी तुटलेली.

सासूबाई परातीत पीठ भिजवत होत्या. मागच्या वेळच्या चोथ्याचं.

"आई, हे काय आहे? यात दगड येतायत."

त्यांनी मान वळवून बघितलं. "दगड नाही, गोळी आहे. धान्यातली."

"कसली गोळी?"

"पाऱ्याची. किडे होऊ नयेत म्हणून. घरून पुडी आणली होती ना मी, तुमच्या गव्हा-तांदळासाठी. ती टाकली सगळ्या डब्यांत." आणि मग, लहान मुलाला सांगावं तसं हसून, "काढून घ्यायची असते रे, भरडायच्या आधी."

त्यांचं लक्ष गोळीच्या तुटलेल्या कडेकडे गेलं.

"निवडून नाही घेत तू?"

"काय निवडून?"

"धान्य."

इथे कोणी गुन्हेगार शोधू नये. मी शोधून बघितला आहे. सासूबाईंच्या जगात धान्य निवडल्याशिवाय गिरणीत जातच नाही. ताटात दाणे पसरायचे, बोटांनी पुढे सरकवायचे, खडा, काडी, गोळी बाजूला काढायची. गोळी टाकणं आणि गोळी काढणं ही एकाच कामाची दोन टोकं, आणि मधलं अंतर कोणाला सांगायची गरज त्यांना आयुष्यात पडली नव्हती. नवऱ्याच्या जगात धान्य स्वच्छ, शिवलेल्या पोत्यातून येतं आणि भांड्याने ओतलं जातं. इतके महिने तो ओतत होता.

सासूबाईंचे हात परातीत तसेच होते. मी त्या पिठाकडे बघत होते आणि त्या माझ्या पोटाकडे.

विषबाधेच्या हेल्पलाइनवर एक शांत आवाजाची बाई भेटली. गोळीत काय आहे, तिने विचारलं. पुडीवर गव्हाच्या लोंबीचं चित्र होतं आणि खाली 'घरातील सर्वांसाठी सुरक्षित' असं लिहिलं होतं. घटकांचा उल्लेख नव्हता. मी चित्राचं वर्णन केलं. तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, खरोखर पारा असेल तर गिळलेला बराचसा तसाच बाहेर पडतो. त्याची वाफ जास्त वाईट. उकळलं कुठे?

गॅरेजमध्ये, मी म्हणाले. शटर उघडं असतं.

घरात काही तापवलं का?

मी तव्याकडे बघितलं. तो शेगडीवरच होता.

खिडक्या उघडा, ती म्हणाली. तवा वापरू नका. ओव्हनही. डॉक्टरांना आत्ताच फोन करा.

सोमवारी रक्त दिलं. रिपोर्टला काही दिवस लागणार होते. बिअर ड्रेनमध्ये ओतायलाही बंदी होती. ती आणि डबे घातक कचऱ्याच्या केंद्रावर न्यायचे होते, आणि तोवर गॅरेजमध्ये ठेवायचे. नवऱ्याने मित्रांच्या ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. तीन ओळी लिहायला त्याला अर्धी दुपार लागली. पहिलं उत्तर आलं, "ब्रो, मागची बॅच बेस्ट होती यार. वाटलंच काहीतरी वेगळं आहे." दुसरं बऱ्याच वेळाने आलं, आणि त्यात फक्त लॅबचा पत्ता विचारला होता. गुरूने काही लिहिलं नाही. पुढे तो आमच्याकडे कधी आला नाही.

मंगळवारी सकाळी मी खाली आले तर सासूबाई गॅरेजमध्ये जमिनीवर बसल्या होत्या. शटर उघडं, बाहेर पाऊस, अंगावर नवऱ्याचं जाड जॅकेट, हातात माझे भांडी घासायचे रबरी मोजे. समोर चादर, चादरीवर जवाचा ढीग, मांडीवर ताट. त्या निवडत होत्या.

"आई, हे फेकून द्यायचंय."

"माहीत आहे."

"मग?"

"यात सापडली," त्या ताटावरून नजर न काढता म्हणाल्या, "ती तुझ्या पोटात नाही गेली."

नवरा मला वर जा म्हणाला आणि स्वतः त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. त्याला निवडता येत नव्हतं. त्या त्याचे दाणे पुन्हा बघत होत्या. सापडलेल्या गोळ्या काचेच्या बरणीत जात होत्या, आणि प्रत्येक वेळी एखादी टक् असा आवाज करून पडली की जिन्यात उभी असलेल्या मला बरं वाटायचं. हळूहळू तो आवाज कमी कमी होत गेला.

"एकूण किती टाकल्या होत्यास?" नवऱ्याने विचारलं.

"मोजून टाकतं का कोणी? पुडी फोडली आणि टाकल्या."

"पुडीत किती असतात?"

त्यांना माहीत नव्हतं. पुडीवरही नव्हतं. शेवटचा डबा, ज्यातून सगळ्यात जास्त बिअर झाली होती, जवळजवळ रिकामा होता. त्याच्या तळातून एकही गोळी निघाली नाही.

रिपोर्ट आला. पाऱ्याचा आकडा लॅबने आखलेल्या धोक्याच्या रेषेच्या खाली होता, पण रेषेला चिकटून. डॉक्टर म्हणाली, "धिस इज रिअशुअरिंग." मी शब्दांवरच पोट भरते, इथल्या एका कंपनीत मॅन्युअल्स लिहिते. ती 'फाइन' म्हणाली नाही, हे मला लगेच कळलं. नवऱ्याला नाही कळलं. त्याने गाडीत स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि रडला. सासूबाईंनी त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवण केलं, वरणभात, नव्या आणलेल्या कुकरमधला.

मुलगी वेळेवर झाली. हातपाय, बोटं, वजन, सगळं जागच्या जागी. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. निवडायच्या ताटाकडे बघायच्या तशा. मग व्हिसा संपला आणि त्या गेल्या.

आता मुलगी दोन वर्षांची होऊन गेली आहे. ऐकू चांगलं येतं, हसते, पळते, ठोकळे रचते. बोलत मात्र नाही. एक शब्दही नाही. डॉक्टर म्हणते, दोन भाषांच्या घरात मुलं उशिरा बोलतात, काही महिने वाट बघू. नवऱ्याने अशा मुलांची यादीच जमवली आहे, तिसऱ्या वर्षी बोललेली, चौथ्या वर्षी बोललेली, पुढे इंजिनिअर झालेली. बिअर तो आता दुकानातून आणतो आणि चवीबद्दल काही म्हणत नाही.

दर रविवारी सासूबाई व्हिडिओवर येतात. तब्येत, पाऊस, जेवण यातलं काही विचारत नाहीत.

"बोलली का गं काही?"

"अजून नाही, आई."

"बोलेल."

मागच्या रविवारी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पुडी जिथून घेतली त्या दुकानात त्या मुद्दाम जाऊन आल्या होत्या. पुडीत किती गोळ्या असतात, एवढंच विचारायला.

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणाला, मोजून कोण भरतं काकू, मापाने भरतो. थोड्या इकडे, थोड्या तिकडे."

तेवढ्यात माझ्या मांडीवरच्या मुलीने स्क्रीनवरच्या आजीकडे बोट केलं. ओठ जवळ आले, मग तोंड उघडलं. सासूबाई कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आल्या की नुसता त्यांचा चष्मा दिसायला लागला. नवऱ्याने माझा दंड धरला. आम्ही तिघंही श्वास रोखून थांबलो.

तिने जांभई दिली.