बियाण्याचं फळ

गच्चीवर यंदा तीन जातींचे टोमॅटो लावले. नर्सरीतला गोल, गुळगुळीत टोमॅटो भरपूर लागला, पण आमटीत घातला तरी कळत नाही. बहिणीने दिलेला बारका अगदी लगडला आणि बुलबुलांनी संपवला. सासूबाईंच्या माहेरचा चपटा टोमॅटो पाऊस लागला की तडकतो, फळंही मोजकीच. चव मात्र त्यालाच. आज सार करायचं म्हणून त्याचं सर्वांत मोठं फळ तोडायला गेले, तर देठाला लाल चिंधी.

"ते बियाण्याचं. हात लावू नकोस," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

म्हणजे झाडावरचं सर्वांत देखणं फळ कुणीच खायचं नाही. मी जरा चिडूनच दुसरी दोन तोडली.

सासूबाईंना तर डॉक्टरांनी टोमॅटो कधीचाच बंद केलाय.